चार दिवस मुंबई, दोन लेकरं आणि आजी. मुक्काम कुठे करावा?

शिवणटीप

नमस्कार. मी अंबाजोगाईची. शिवणकाम करते, घराला लागूनच दुकान आहे. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की मशीन झाकून ठेवायची आणि चार दिवस लेकरांना मुंबई दाखवायची, असं यंदा ठरवलंय. आमच्यात कुणीच मुंबई नीट पाहिलेली नाही. मिस्टर एकदा कोर्टाच्या कामाला गेले होते, सकाळी उतरले आणि रात्रीच्या गाडीनं परत आले. मी लग्नाआधी एकदा मामेबहिणीच्या साखरपुड्याला दादरपर्यंत गेले, तेवढंच.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. सोबत सासूबाई, वय ६६. सपाट रस्त्यावर चालतात, पण गुडघ्यामुळे जिना फार जड जातो. लातूरहून गुरुवारी रात्री बसायचं, शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि सोमवारी रात्री परत. तिकिटं काढलीत. प्रवास धरून २५ हजारांत बसवायचंय.

अडचण मुक्कामाची आहे. माझी नणंद डोंबिवलीला राहते. एक बेडरूमचं घर, तिचीही दोन मुलं. ती म्हणते, तिन्ही रात्री आमच्याकडेच राहा, लॉजवर पैसे कशाला घालता? अगदी मनापासून म्हणते. सासूबाईंनाही लेकीकडे राहायचंय, आणि ते साहजिकच आहे. पण रोज डोंबिवलीहून लेकरांना घेऊन मुंबईत जायचं-यायचं जमेल का? आणि नाही म्हटलं तर नणंदबाईंना काय वाटेल? यावरून आमच्या घरी आठ दिवस बोलणं चाललंय.

मिस्टरांनी यादी केलीय. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, नेहरू सायन्स सेंटर, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, बोरिवलीचं नॅशनल पार्क. हे सगळं होईल का? मुलीला विचारलं तर तिला दोनच गोष्टी पाहायच्यात, पेंग्विन आणि समुद्र. तिनं आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आपलं मांजरा धरण.

अजून एक. मुलगा वरण-भाताशिवाय काही खात नाही आणि त्याला बाथरूमला वारंवार न्यावं लागतं. अनुभवी लोकांनी सांगावं.

लालबागची मावशी

ताई, मी लालबागच्या चाळीत वाढले आणि आता ठाण्याला असते. माझ्या भाच्या-पुतण्यांना मुंबई मीच दाखवते, म्हणून अधिकारानं सांगते. तीन रात्री डोंबिवलीला राहू नका. नणंदेच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण डोंबिवलीहून सीएसएमटी फास्ट लोकलनंसुद्धा तास-सव्वा तास. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत मोठ्या माणसाला पाय ठेवायला जागा नसते, संध्याकाळी पाचनंतर उलट्या दिशेला तेच. म्हणजे तुम्हाला अकरानंतर निघून चारच्या आत परत फिरावं लागेल. मग बघणार काय आणि कधी?

असं करा. शुक्रवार आणि शनिवार फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास लॉज घ्या. दुपारी खोलीवर येऊन लेकराला दोन तास झोपवता आलं पाहिजे, एवढी एकच अट धरा. साडेतीन वर्षांचं मूल दुपारी झोपलं नाही की संध्याकाळ कुणाचीच धड जात नाही. रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला जा आणि सोमवार अख्खा नणंदेला द्या. तिला पाहुणचार करायला मिळेल, आजींना लेक मिळेल. परतीची गाडी कल्याणला थांबत असेल तर बोर्डिंग स्टेशन बदलून घ्या, म्हणजे सामान घेऊन पुन्हा सीएसएमटीला यायला नको.

नणंदेला फोन तुम्ही करू नका, आजींना करू द्या. "गुडघ्यांना रोजची लोकल झेपणार नाही, शेवटी निवांत तुझ्याकडेच येते," हे आईनं लेकीला सांगितलं की विषय मिटतो. आणि ते खरंच आहे.

आता वार सांभाळा. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद, नॅशनल पार्कही सोमवारी बंद. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद किंवा वळवलेल्या, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. आदल्या दिवशी पेपरात कुठून कुठपर्यंत आहे ते येतं. रविवारी डोंबिवलीला जाताना तेवढं बघूनच निघा.

यादीतलं निम्मं आत्ताच खोडा. एका दिवसाला एक मोठी गोष्ट, बस.

गिरगावकर काका

ताई, अंबाजोगाई वाचलं आणि थांबलो. योगेश्वरी आमची कुलदेवता. दर दोन-तीन वर्षांनी येतो आणि प्रत्येक वेळी तिथली हत्तीखान्याची लेणी बघितल्याशिवाय परत फिरत नाही. तुमच्या मुलांनी ते दगडी हत्ती पाहिले असतीलच. म्हणून तुम्हाला एक खास जागा सांगतो.

घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते तिथल्या एका प्रचंड दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून उभा केलेला हत्ती राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. शेजारून शेकडो माणसं पेंग्विन बघायला धावत जातात, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. हत्तीखान्याच्या गावची लेकरं आहेत ती, त्यांना तो जरूर दाखवा.

घारापुरीला आजींना न्यावं की नाही, यावर मावशींपेक्षा माझं मत वेगळं पडेल. गेटवेहून लाँचला जवळपास तास लागतो. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण वर साधारण १२० पायऱ्या आहेत. डोलीवाले असतात, खुर्चीत बसवून नेतात. माझ्या आईला ७१व्या वर्षी तसंच नेलं. त्रिमूर्तीसमोर ती पंधरा मिनिटं काही बोलली नाही. ती पंधरा मिनिटं मला अजून पुरतात. न्यावंसं वाटलं तर रविवारी सकाळची पहिली लाँच धरा. हातात खाऊची पिशवी उघडी ठेवू नका, माकडं ओढून नेतात. आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या. डिसेंबर २०२४ मधल्या बोट अपघातानंतर यात कुणी संकोच करू नये.

नाहीच जमलं तर गेटवेहून अर्ध्या तासाची बंदरातली फेरी मारून आणणाऱ्या लाँच असतात. सात वर्षांच्या मुलीला समुद्र तेवढ्यातही कळतो.

जुळ्यांची आई

मावशींना पूर्ण अनुमोदन. माझी जुळी पाच वर्षांची आहेत, घर माहीमला. मी फक्त पोटाचं आणि बाथरूमचं सांगते, कारण सहल त्यावरच तरते किंवा बुडते.

फोर्टात उडुपी हॉटेलं भरपूर आहेत. सकाळी इडली, दुपारी राइस प्लेट. ऑर्डर देतानाच "एक साधं वरण आणि भात, तिखट नको" असं सांगायचं, आणतात. तुपाची छोटी डबी घरूनच घेऊन या. दादरला उतरलात तर 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, हे मात्र मोठ्यांसाठी.

बाथरूमसाठी नियम असा की जिथे चांगलं दिसेल तिथे गरज नसली तरी न्यायचं. राणीच्या बागेत आहे, म्युझियममध्ये आहे, भुयारी मेट्रोच्या स्टेशनांवर आहे. मरीन ड्राइव्हला बसण्याआधी उरकून घ्या.

भुयारी मेट्रो म्हणजे मेट्रो-३. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत धावते. सीएसएमटीला बसलात तर सायन्स सेंटरपाशी स्टेशन आहे, सिद्धिविनायकालाही आहे. लिफ्ट, सरकते जिने, एसी. आजींसाठी मुंबईत यापेक्षा सोपा प्रवास नाही. माझ्या मुलांना तर सायन्स सेंटरपेक्षा तिथे नेणारा सरकता जिनाच जास्त आवडला.

दोन्ही मुलांच्या मनगटावर तुमचा मोबाइल नंबर बॉलपेननं लिहा, रोज सकाळी नवा. मुलीला नंबर तोंडपाठ करून घ्या. हरवलंच कुणी तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि रेल्वेत १३९. मी हे घाबरवायला लिहीत नाही. दादरच्या पुलावर माझा एक जण दोन मिनिटं दिसेनासा झाला होता, ती दोन मिनिटं कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

पश्चिम रेल्वे

तारापोरवाला मत्स्यालय यादीतून काढा, बंद आहे. आपण लहानपणी पाहिलं म्हणून सगळे पोरांना तिथे न्यायला निघतात आणि बंद दारावरून परत येतात.

सीएसएमटीहून ११५ नंबरची डबल डेकर विचारा, मरीन ड्राइव्हच्या टोकाला असलेल्या एनसीपीए नाट्यगृहाकडे जाते. आता ती इलेक्ट्रिक आणि एसी आहे. जुन्या डिझेलवाल्या सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, त्यांचं दुःख आमच्या पिढीला. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडावी लागली तर सोडा.

शिवणटीप

सगळ्यांचे फार आभार. मावशी, सासूबाईंनी फोन केला. नणंदबाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, सोमवारी मी सुट्टी टाकते. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

एक विचारायचं राहिलं. लोकलमध्ये आम्ही सगळ्यांनी एकाच डब्यात बसावं की मी लेकरांना घेऊन लेडीज डब्यात? मिस्टर वेगळे पडले तर?

लालबागची मावशी

तुम्ही, आजी आणि दोन्ही मुलं लेडीज डब्यात. मिस्टर आणि बॅगा जनरलमध्ये. मुलं वाटून घेऊ नका, एक मूल इकडे आणि एक तिकडे असं अजिबात नाही. कुठल्या स्टेशनला उतरायचं आणि फलाटावर कुठे भेटायचं हे चढण्याआधीच ठरवा. चुकून एक जण राहिला तर दुसऱ्यानं मागे फिरायचं नाही, ठरलेल्या जागी उभं राहायचं. मुलाला तिकीट लागत नाही, पाचच्या आत आहे. मुलीचं अर्धं काढा.

सीएसएमटीहून गाडी सुटते, त्यामुळे तिथे बसायला मिळतं. घाई नसेल तर स्लो घ्या. जागा नाही मिळाली तर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती दादर म्हणाली, तर दादरला ती सीट तुमची. कुणी आधीच सांगून ठेवली असेल तर ती तसं सांगेल. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, तिला चौथी सीट म्हणतात. आजींना पाहिलं की कुणीतरी उठेल, पण विचारायला लाजू नका. इथे न विचारणाऱ्याला काही मिळत नाही.

शिवणटीप

आलो परत. मशीनवरचं कापड अजून काढलेलं नाही, आधी इथे लिहिते.

शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि तिथेच तास गेला. बाहेरून इमारतीवर प्राणी शोधायचा खेळ लेकरांनी आपणहून सुरू केला. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. मोर मुलीनं शोधला. एक म्हातारे हमाल काका जवळ येऊन म्हणाले, माकडं पण आहेत, बघ. मग मुलगा हलेना. इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली असं मिस्टर मोबाइलवर वाचून दाखवत होते, पण आमचं सगळ्यांचं लक्ष माकडांत.

लॉजनं मात्र फसवलं. फोनवर लिफ्ट आहे म्हणाले होते, गेलो तर लिफ्ट बंद आणि खोली दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई एकेक पायरी बसत-उठत चढल्या. मी खाली येऊन व्यवस्थापकांना सांगितलं की खोली बदलून द्या, नाहीतर आगाऊ दिलेले पैसे परत द्या. आवाज चढवला नाही, पण तिथून हललेही नाही. वीस मिनिटांनी पहिल्या मजल्यावरची खोली मिळाली. लॉज ठरवताना लिफ्ट आज चालू आहे का, असं विचारा. लिफ्ट आहे का, असं विचारू नका.

संध्याकाळी ११५. दोन बस सोडल्या, तिसरीत पुढची सीट मिळाली. एनसीपीएपाशी उतरून कट्ट्याकडे वळलो आणि मुलगी थांबली. मला वाटलं पळत जाईल. ती जागेवर उभी राहून म्हणाली, "आई, पलीकडचा काठ कुठंय?" मांजराला काठ दिसतो ना. मी म्हटलं, पलीकडे अरबस्तान आहे, इथून दिसत नाही. मग ती कट्ट्यावर बसली ती दिवे लागेपर्यंत. मुलगा वडिलांच्या मांडीवर झोपून गेला. सासूबाईंनी चप्पल काढून पाय वर घेतले. आमच्या अख्ख्या सहलीतली सगळ्यात चांगली जागा तीच, आणि तिला एक रुपया पडला नाही.

शनिवारी राणीची बाग. दार उघडायच्या आधी पोहोचलो तरी रांग होती. पेंग्विनच्या काचेपाशी गर्दी पुढे सरकवत राहतात, पाच-सात मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही, म्हणून आम्ही पुन्हा रांगेत लागलो. काका, तुमचा हत्ती पाहिला. मुलीनं जवळ जाऊन सांधे शोधले. विचारलं, हा तुटला तेव्हा दुखलं असेल का? सासूबाई म्हणाल्या, आपल्या हत्तीखान्यातल्या हत्तींच्याही सोंडा तुटल्यात, पण ते आपल्या घरी आहेत. बराच वेळ त्या हत्तीपाशी उभ्या होत्या. निघताना त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

दुपारी खोलीवर झोप. संध्याकाळी मेट्रोनं सिद्धिविनायक, बाकी काही नाही.

घारापुरी नाही जमली. रविवारी सकाळी मुलाचं अंग कोमट लागत होतं, म्हणून अर्ध्या तासाची लाँच केली. काका, मनात राहिलंय. मुलगा पहिलीत गेला की सासूबाईंना घेऊन पुन्हा येणार आहे, डोलीचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवतेय.

डोंबिवलीची गाडी ब्लॉक संपल्यावर पाचला धरली. तोवर अडकलेली सगळी गर्दी तिथेच लोटली होती. पहिल्या दोन गाड्यांत चढायची हिंमत झाली नाही. तिसरी स्लो होती, सासूबाईंना लगेच जागा मिळाली, मी मुलाला कडेवर घेऊन उभी. मुलगी माझ्याआधी पुढे झाली आणि खिडकीजवळच्या बाईंना तिनं विचारलं, "मावशी, कुठे उतरणार?" घरी सराव केला होता आम्ही. त्या म्हणाल्या, घाटकोपर, पण तू आत्ताच ये, आणि तिला मांडीवर घेतलं. घाटकोपरला त्यांनी ती सीट मला दिली, बाकीच्या बायकांना बजावून की ही लहान मुलाची आई आहे. नावही विचारायचं राहिलं.

मिस्टर ठरल्याप्रमाणे पुलाच्या जिन्याखाली उभे होते. नणंदबाईंनी पुरणपोळी केली होती. सोमवारी आम्ही कुठेच गेलो नाही. चारही मुलं गच्चीवर खेळली, सासूबाई लेकीच्या डोक्याला तेल लावत बसल्या. रात्री कल्याणला गाडी धरली.

खर्च विचाराल म्हणून सांगते, सगळं मिळून २२ हजार ४०० झाले. त्यात लॉजची चार जणांची खोली ३,२०० रुपये रोज, दोन रात्री.

काल मुलगी दुकानात आली. ब्लाउज न्यायला आलेल्या एक काकू खुर्चीवर बसल्या होत्या, तर त्यांना विचारते, "कुठे उतरणार?"